अब्जांशाचे शास्त्र आणि सार्वजनिक द्रव्य : धाराशिव जिल्ह्याच्या अनुरोधाने एक ऐतिहासिक विचार

१

संगणकाच्या चिपांचा इतिहास सामान्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया, जपान, तैवान आणि भारतापुरते बोलावयाचे तर बंगळूर, मोहाली, मुंबई व पुणे ह्या स्थळांच्या आधारे सांगितला जातो. त्यात मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू जिल्ह्याचे नाव येण्याचे कारण वरवर पाहता दिसत नाही. धाराशिव जिल्ह्यात चिपांचा कारखाना नाही. सूक्ष्म मंडले कोरण्याची प्रयोगशाळाही नाही. तथापि हा उद्योग ज्या संशोधनावर उभा आहे त्याचा मोठा भाग जगभर सार्वजनिक द्रव्यातून झाला आहे, आणि सार्वजनिक द्रव्य हे सर्व जिल्ह्यांचे असते. म्हणून जो जिल्हा कर देतो पण प्रयोगशाळेच्या दारापासून दूर आहे, अशा जिल्ह्याच्या बाजूने हा इतिहास वाचला, तर त्यातील काही प्रश्न अधिक स्पष्ट होतात. हे द्रव्य कोणत्या अवस्थेत खर्च होते, कोठे स्थिरावते, त्यातून निर्माण झालेले ज्ञान कोणत्या भाषेत पोहोचते आणि दूरच्या विद्यार्थ्याला त्याचे दार कितपत उघडे असते, हे ते प्रश्न होत.

येथे विषयाची एक मर्यादा प्रथमच सांगितली पाहिजे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात उल्लेखिलेले तगर होय, ही ओळख विद्वन्मान्य आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ह्या नगरातून तलम व जाडेभरडे कापड गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असे. परंतु प्राचीन कारागिरांच्या हस्तकौशल्यात आधुनिक सूक्ष्मविज्ञानाचे पूर्वरूप शोधण्याचा मोह टाळणेच इष्ट होय. हस्तकौशल्य आणि नियंत्रित प्रयोग ह्या भिन्न कोटी आहेत. त्यांची सरमिसळ केल्याने दोहोंचाही गौरव होत नाही.

२

ह्या शास्त्राचे नाव स्वतःच विचार करण्याजोगे आहे. ‘नॅनो’ हा उपसर्ग ‘खुजा मनुष्य’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला, आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत त्याला एक अब्जांश हा निश्चित अर्थ मिळाला. ‘नॅनो-तंत्रज्ञान’ ही संज्ञा जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची ह्यांनी १९७४ साली वापरली. त्यापूर्वी, १९५९ च्या डिसेंबरात, रिचर्ड फाइनमन ह्यांनी द्रव्याच्या अगदी तळाच्या पातळीवर पुष्कळ जागा शिल्लक आहे असे प्रतिपादन केले होते. पण त्यांनी ही संज्ञा योजलेली नव्हती. मराठी विश्वकोशाच्या परंपरेत ‘अब्जांश तंत्रज्ञान’ हा प्रतिशब्द रूढ झाला. ग्रीक मूळ केवळ खुजेपणा सुचविते, तर मराठी शब्द प्रत्यक्ष प्रमाण सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानसंज्ञांमध्ये अब्ज हे एकावर नऊ शून्यांचे स्थान आहे, त्याचा एक अंश म्हणजे अब्जांश. एखादी परिभाषा परकी कल्पना स्वीकारताना मूळापेक्षाही नेमकी कशी होऊ शकते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

उलट, उद्योगाच्या परिभाषेत हाच शब्द आपल्या अर्थापासून सुटला आहे. ‘३ नॅनोमीटर’ असे नाव असलेल्या चिपेत कोणताही महत्त्वाचा भाग तीन नॅनोमीटर रुंद असतो असे नाही. तेथील दोन लगतच्या ट्रान्झिस्टर-द्वारांमधील अंतर चाळीस नॅनोमीटरांहून अधिक असते. पूर्वी हा आकडा मापाचा निर्देश करीत असे. आज तो पिढीचा क्रमांक झाला आहे. शासनाने कोणत्या ‘नॅनोमीटर’साठी किती द्रव्य दिले ह्याची चर्चा करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, अन्यथा नावाच्या लघुत्वावरून कार्याचे महत्त्व ठरविण्याची चूक होते.

३

खाजगी कर्तृत्व आणि सार्वजनिक आधार ह्यांचे नाते ह्या उद्योगाच्या आरंभापासून गुंतागुंतीचे आहे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत लागला, आणि ही प्रयोगशाळा एका खाजगी दूरध्वनी कंपनीची होती. संकलित मंडल, म्हणजे रूढ भाषेतील चिप, १९५८–५९ मध्ये जॅक किल्बी व रॉबर्ट नॉइस ह्यांनी परस्परनिरपेक्षपणे सिद्ध केले; तेही कंपन्यांमध्येच. परंतु नव्या वस्तूला गिऱ्हाईक कोठून मिळणार? १९६२ साली अमेरिकेत निघालेली जवळजवळ सर्व संकलित मंडले क्षेपणास्त्रे व अंतराळयान ह्यांसाठी शासनाने घेतली. त्या वेळी एका चिपेची सरासरी किंमत सुमारे ५० डॉलर होती. १९६८ पर्यंत ती अडीच डॉलरांच्या आत आली. बाजार निर्माण होईपर्यंत तोट्याचा काळ सरकारी खजिन्याने सोसला, असाच ह्याचा अर्थ होतो.

जपानने १९७६ ते १९८० ह्या काळात पाच प्रतिस्पर्धी कंपन्यांना शासकीय साहाय्याने एका संशोधन-योजनेत आणले. तैवानने १९७३ साली औद्योगिक संशोधन संस्था स्थापिली, १९७६ साली अमेरिकन कंपनीकडून तंत्र घेऊन तरुण अभियंते शिक्षणासाठी पाठविले, आणि १९८७ साली शासनाच्या विकासनिधीच्या मोठ्या भांडवलावर जी कंपनी काढली ती आज जगातील सर्वांत प्रगत चिपा तयार करते. त्याच वर्षी अमेरिकेनेही कंपन्यांच्या संयुक्त संशोधनसंघाला दरसाल सुमारे १० कोटी डॉलर देण्यास प्रारंभ केला. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या देशानेही बाजाराच्या आधीची वाट सार्वजनिक द्रव्यानेच बांधली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अब्जांशाच्या पातळीवर उतरल्यानंतर हा आधार अधिकच आवश्यक झाला. ट्रान्झिस्टर फार लहान झाला की बंद असतानाही त्यातून विद्युत्‌प्रवाह झिरपतो. ह्यावर उपाय म्हणून प्रवाहाची वाट पातळ पडद्यासारखी उभी करून तिला द्वाराने तिन्ही बाजूंनी वेढण्याची रचना बर्कले येथील विद्यापीठात चेनमिंग हू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन संरक्षणखात्याच्या संशोधन-साहाय्यावर विकसित केली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. ती मोठ्या उत्पादनात आली २०११ नंतर. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी सिलिकॉनवर नक्षी उमटविण्याचे तंत्र १९८० नंतरच्या दशकात जपानी व अमेरिकन प्रयोगशाळांत सुरू झाले, अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत पुढे वाढले, आणि डच कंपनीच्या यंत्रांद्वारे २०१९ च्या सुमारास प्रत्यक्ष उत्पादनात वापरले जाऊ लागले. कल्पना व कारखाना ह्यांमध्ये बारा वर्षांचे किंवा तीस वर्षांचे अंतर पडते. एवढा काळ थांबण्याची क्षमता भागधारकांच्या वार्षिक सभेत क्वचितच असते; ती संशोधनाला नियमित अनुदान देणाऱ्या राज्यव्यवस्थेत असू शकते. अमेरिकेने २००० साली राष्ट्रीय नॅनो-तंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला आणि २००३ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले, ते ह्याच जाणिवेने.

४

भारतात हा विचार उशिरा आला असे म्हणता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला निर्वात नलिकांचा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. १९६३ साली होमी भाभा ह्यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिकी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये, भाभांच्या अपघाती निधनाच्या वर्षीच, सादर झाला. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिकीचे स्वतंत्र खाते झाले आणि पुढील वर्षी आयोग. मोहाली येथील सार्वजनिक कंपनीत १९८४ च्या सुमारास ५ मायक्रॉन, म्हणजे ५,००० नॅनोमीटर, मापाच्या तंत्राने चिपा निघू लागल्या. त्या वेळी जगातील अग्रभागाशी असलेले अंतर दुस्तर नव्हते. १९८९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्यास आग लागली आणि उत्पादनाची घडी मोडली. पुनर्रचनेस वर्षानुवर्षे लागली. तोवर तंत्राच्या अनेक पिढ्या उलटून गेल्या. ही संस्था पुढे प्रयोगशाळेच्या रूपाने अवकाश-विभागाकडे व नंतर इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाकडे आली. तिचे तंत्र १८० नॅनोमीटरांचे आहे.

ह्या वृत्तान्तात आगीला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढेच सातत्याच्या अभावाला दिले पाहिजे. आग कोठेही लागू शकते. जळालेली गोष्ट त्वरेने पुन्हा उभी करण्याचा निश्चय आणि त्यासाठीची तरतूद हीच खरी संशोधन-नीती होय. यंत्रे विकत घेता येतात. परंतु ती चालविणाऱ्या माणसांची दहा वर्षांत सिद्ध झालेली जाण एकदा पांगली की निविदा काढून परत आणता येत नाही.

अब्जांश-विज्ञानासाठी केंद्रशासनाने २००१ मध्ये पहिला उपक्रम व २००७ मध्ये पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ सुरू केले. चिपांच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरले ते २००६ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था ह्यांत सुमारे १०० कोटी रुपये खर्चून स्थापिलेले नॅनो-इलेक्ट्रॉनिकी केंद्र. मुंबईतील कार्यात जुझर वासी व व्ही. रामगोपाल राव ह्यांचा प्रमुख वाटा होता. ह्या केंद्राची खरी विशेषता पुढे आली ती २००८ पासून. तेथील निर्धूळ कक्ष व यंत्रे देशातील अन्य महाविद्यालयांच्या अध्यापकांस व संशोधक विद्यार्थ्यांस वापरता यावीत अशी योजना तेव्हा सुरू झाली. प्रथम प्रशिक्षण, नंतर लहान प्रकल्प, आणि त्यासाठी यंत्रवापराचा खर्च शासनाकडे, असे तिचे स्वरूप होते. २०२१ नंतर तिचा विस्तार आणखी काही संस्थांत करण्यात आला. निर्धूळ कक्ष प्रत्येक जिल्ह्यात बांधता येत नाही, आणि तसे करणे अपव्ययाचे होईल. त्यामुळे केंद्रीकरण अटळ आहे. पण अटळ केंद्रीकरणाचे परिमार्जन मुक्त प्रवेशाने करता येते, हे तत्त्व ह्या योजनेने मान्य केले.

५

आता ह्याच तत्त्वाच्या प्रकाशात धाराशिवचा इतिहास पाहावा. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान ह्याच्या नावावरून त्याला उस्मानाबाद असे म्हणत, आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले. निजामी राजवटीने विज्ञानावर सार्वजनिक द्रव्य खर्च केले नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९१७ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने उस्मानिया विद्यापीठासाठी गणित, भौतिकी, रसायन ह्यांचे ग्रंथ उर्दूत आणले व हजारो पारिभाषिक संज्ञा घडविल्या. भारतीय भाषेत उच्च विज्ञान शिकविण्याचा तो एक धाडसी आणि विद्वत्तापूर्ण प्रयोग होता. परंतु ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून राज्याच्या खजिन्यात भर पडत होती, त्याच्या मराठी, तेलुगू किंवा कन्नड घरात ती भाषा बोलली जात नव्हती. ह्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी अध्यापन केले, ही सरकारी द्रव्याशिवाय उभी राहिलेली संस्था होती. एकीकडे द्रव्य होते पण घरची भाषा नव्हती. दुसरीकडे घरची भाषा होती पण द्रव्य नव्हते. मराठवाड्याच्या ज्ञानव्यवहाराचा तो मूळ पेच होय.

१९४४ साली हैदराबादेत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन झाली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि उस्मानिया विद्यापीठ, भाषांतर विभागाची परंपरा व ती प्रयोगशाळा ही सर्व हैदराबादेत राहिली. त्यात कोणाचा कपटभाव नव्हता, कारण इमारती सीमा ओलांडत नाहीत. परंतु चाळीस वर्षे सामायिक खजिन्यातून उभ्या झालेल्या विद्यासंस्थांपैकी मराठवाड्याच्या वाट्यास फारच थोडे आले, आणि १९५८ साली औरंगाबादेत स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास बहुतांशी नव्याने प्रारंभ करावा लागला. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या ह्या विद्यापीठात अब्जांश तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आणि २००४ पासून धाराशिव येथे त्याचे उपकेंद्र आहे.

संशोधनाचे द्रव्य ह्या भागात मोठ्या प्रमाणात आले ते एका आपत्तीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर ह्यांच्या परिसरातील गावे उद्ध्वस्त केली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. हा प्रदेश तत्कालीन भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीस लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. दुर्घटनेनंतर मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल विवर खणून खडकांचा अभ्यास केला, आणि देशातील भूकंपमापन केंद्रांचे जाळे आंतरराष्ट्रीय साहाय्याने अंकीय उपकरणांनी सुधारण्यात आले. ती उपकरणे चिपांवरच चालतात. हे संशोधन मोलाचे होते. तथापि ते दुर्घटनेच्या मागून आले. आपत्तीनंतर मिळणारे द्रव्य आणि आपत्तीपूर्वी टिकविलेले संशोधन ह्यांतील फरक धाराशिवच्या मातीने जेवढा स्पष्ट दाखविला तेवढा क्वचितच कोणत्या अर्थसंकल्पीय चर्चेने दाखविला असेल.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक होता. जेथे पाणी, पोषण व प्राथमिक शिक्षण ह्यांची निकड आहे, तेथे अब्जांशाचा विचार हा विलास नव्हे काय? हा आक्षेप कारखान्यापुरता योग्य आहे. अतिशुद्ध पाण्याचा व अखंड विजेचा प्रचंड पुरवठा मागणारा चिपांचा कारखाना ह्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात काढावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु मातीतील ओलावा अल्पखर्चात मोजणारे संवेदक मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सार्वजनिक साहाय्याने विकसित झाले आहेत. सोयाबीन व तूर घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास पाण्याची एखादी पाळी कधी द्यावी हे कळणे ही विलासाची गोष्ट नव्हे. अशा संवेदकांची परीक्षा ज्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत व्हावयास हवी, ती जमीन येथे आहे. प्रयोगशाळेला जिल्ह्याची गरज आहे, एवढेच नव्हे तर त्याच्या प्रश्नांचीही गरज आहे.

द्रव्याचे गणित मात्र ह्या दृष्टीने प्रतिकूल आहे. २०२०–२१ मध्ये संशोधन व विकास ह्यांवरील भारताचा एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्या खर्चात केंद्रशासनाचा भाग ४३.७ टक्के, राज्यशासनांचा केवळ ६.७ टक्के व उच्च शिक्षणसंस्थांचा ८.८ टक्के. संशोधन करणारे अनेक विद्यार्थी ज्या राज्य-विद्यापीठांत आहेत, तेथे पोहोचणारा प्रवाह किती क्षीण आहे हे ह्यावरून दिसते. केंद्र व प्रांत ह्यांमधील द्रव्यविभागणीच्या इतिहासावर डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला आणि तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचेच नाव असलेल्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रशासनाने अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा भर प्रामुख्याने उत्पादनावर आहे. त्याच सुमारास चिपांचे आराखडे करण्याची महागडी संगणकीय साधने दूरस्थ पद्धतीने अनेक शिक्षणसंस्थांना उपलब्ध करून देण्याचा उपक्रमही सुरू झाला. धाराशिवपासून मुंबईचा निर्धूळ कक्ष सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आराखड्याचे साधन मात्र तारेच्या दुसऱ्या टोकास आहे. ह्या दोन मार्गांचा लाभ जिल्ह्यातील विद्यार्थी घेऊ शकतो, पण त्यासाठी मार्गदर्शक अध्यापकाची भरलेली जागा, प्रवास व निवासाचे अल्प अनुदान आणि विषयात प्रवेश करून देणारा मराठी ग्रंथ ह्या तीन गोष्टी लागतात. त्यांचा एकत्रित खर्च एका आधुनिक कारखान्याच्या खर्चाशी तुलना करण्याइतकाही नाही.

७

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, चिपांच्या उद्योगात सार्वजनिक द्रव्याने सर्वाधिक फळ दिले ते दीर्घकाळ, अखंडपणे आणि बाजाराच्या आधी खर्च झाले तेव्हा. तुटक द्रव्याने यंत्रे येतात, परंपरा येत नाही. दोन, अशा संशोधनाचे केंद्रीकरण अपरिहार्य असल्याने दूरच्या विद्यार्थ्याचा प्रवेश हा उपकाराचा विषय न राहता त्या द्रव्याची एक अट असला पाहिजे. तीन, भाषा हा ह्या प्रवेशाचाच भाग आहे. उस्मानियाच्या भाषांतर विभागाने सिद्ध केले की शासनाने मनावर घेतल्यास भारतीय भाषेत विज्ञान आणता येते. त्याच्या मर्यादेने हेही सिद्ध केले की ती भाषा लोकांची नसेल तर दार उघडूनही उंबरा उंचच राहतो. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने व विश्वकोशाने मराठी संज्ञांचे जे कार्य केले ते म्हणूनच संशोधन-खर्चाच्या बाहेरचे मानता येत नाही.

‘अब्जांश’ हा शब्द मराठीत आहे. तो अचूक आहे, आणि सार्वजनिक द्रव्यातूनच रूढ झाला आहे. त्या शब्दामागील वस्तू हाताळण्याची संधी तेरणेच्या काठच्या विद्यार्थ्याला मिळते की नाही, ह्यावरूनच त्या द्रव्याच्या सार्वजनिकतेची खरी परीक्षा व्हावयाची आहे.